आठ वाजताची मराठी उपासना: बडोद्यातल्या एका मंडळीचं प्रकरण

बडोद्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर मी बरीच वर्षं आहे. पुढे लिहिलेलं सगळं 2023 च्या अखेरीपासून साधारण दीड वर्षात घडलं. मंडळीचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं दिलेली नाहीत, एक-दोन घरांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. ज्या चुकीपाशी हे प्रकरण येऊन थांबतं, ती घडली तेव्हा खजिनदार मी होतो.

पार्श्वभूमी

बडोद्यात मराठी आहे ती गायकवाडांमुळे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत आजही जिन्यावरून मराठी ऐकू येतं. आमची ख्रिस्ती घरं मात्र त्या वाटेनं आलेली नाहीत. कोणाचे आजोबा रेल्वेत लागले, कोणाची आजी नर्स म्हणून आली, कोणी मिशनच्या शाळेत मास्तर होते. बहुतेक नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला ठाणं केलं, त्या परंपरेतली ही माणसं. येताना त्यांनी पेटी, झांजा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आणली.

आमच्याकडे इमारत एक आणि रविवारच्या उपासना दोन. आठ वाजता मराठी, दहाला गुजराती. गुजराती मंडळी मोठी, बहुतेक खेडा-आणंदकडची. मराठीच्या वहीत 41 घरं आहेत. दानार्पणाच्या वेळी सेवक मागं उभा राहून डोकी मोजतो आणि वहीत आकडा लिहितो. 2019 साली हा आकडा साधारण साठच्या आसपास असायचा.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू लागला, तो वार रविवारच होता. त्या दिवशी दार बंद झालं. 12 एप्रिलचा ईस्टर आम्ही घराघरांत मोबाइलसमोर बसून केला. पुढे सरकारनं परवानगी दिली, दार उघडलं, पण माणसं पूर्वीसारखी परतली नाहीत. 2023 च्या पावसाळ्यानंतर सरासरी 19 वर आली होती. 15 आणि 22 ऑक्टोबरचे दोन्ही रविवार नवरात्रात आले. बडोद्याचा गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि आमची तरुण मुलं तिथं असतातच. सकाळी आठला पेटी वाजवायला कोणी नव्हतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, स्वतःच सूर धरला.

अडचण

नोव्हेंबर 2023 च्या बैठकीत ठराव आला की मराठी उपासना बंद करून सगळ्यांनी दहाच्या गुजरातीत सामील व्हावं. वीजबिल, पाळकांचा वेळ, रिकामे बाक, सगळी कारणं खरी होती. मी ठरावाच्या बाजूनं होतो.

त्याआधी आम्ही लोकांना परत आणायचे तीन प्रयत्न केले होते आणि तिन्ही फसले होते. पहिला उपदेशाचा. बायबलमधल्या इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र जमणं सोडू नका असं 25 वं वचन आहे, त्यावर लागोपाठ दोन रविवार उपदेश झाला. ऐकायला होते ते नेमानं येणारेच, म्हणजे न केलेल्या चुकीचा बोल त्यांनी दोनदा ऐकून घेतला. दुसरा प्रयत्न व्हॉट्सअॅपवरचा. दर शनिवारी रात्री ‘उद्या कोण कोण येणार?’ असा संदेश जायचा. त्यावर हात जोडलेली चित्रं यायची, माणसं यायची नाहीत.

तिसरा प्रयत्न फॉर्मचा. ‘आपण उपासनेस का येत नाही?’ असा प्रश्न छापून 41 घरी पाठवला. 14 फॉर्म परत आले. बारांवर एकच उत्तर होतं, वेळ जमत नाही. एका मावशींनी फक्त ‘गुडघे’ एवढंच लिहिलं होतं, आणि पुढं कळलं की सगळ्यांत खरं उत्तर तेच होतं. वेळ जमत नाही हे उत्तर आम्ही खरं धरलं आणि बैठकीत म्हटलं की आता लोकांना देवासाठी वेळ राहिलेला नाही. हे वाक्य माझं होतं.

समोरचे पर्याय

गुजरातीत सामील होणं सगळ्यांत सोपं होतं. भाषा सगळ्यांना येते, मुलं तर आपसांत गुजरातीच बोलतात. त्या बैठकीत सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त सिस्टर होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “गुजराती मला चांगलं येतं. चाळीस वर्षं पेशंटशी गुजरातीतच बोलले. पण रात्री एकटी असते तेव्हा तोंडातून मराठीच येतं.” यावर कोणी काही बोललं नाही. ठराव मात्र तसाच राहिला.

दुसरा पर्याय वेळ बदलण्याचा होता. आठऐवजी साडेनऊ करावी तर गुजराती मंडळीला मागं ढकलावं लागणार, आणि ते त्यांनी का सोसावं? तिसरा पर्याय मोबाइलवरची उपासना चालू ठेवण्याचा. तरुणांचा त्याला पाठिंबा होता. पण प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, मोबाइलवर देता येत नाही, असं पाळकसाहेबांचं स्पष्ट मत होतं.

14 जानेवारी 2024 ला उत्तरायण रविवारीच आलं. त्या सकाळी आम्ही आठ जण होतो. बाहेर गच्च्यांवर स्पीकर लागलेले, पतंग कापल्याच्या आरोळ्या, आत आठ जण विश्वासांगीकार म्हणतोय. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी कमिटीला दारातच थांबवलं. म्हणाले, “बंद करायची तर करू. पण 41 घरं आहेत. एकेका घरी जाऊन या, ईस्टरनंतर ठरवू.”

काय केलं

जाण्याआधी दीड तास नुसते नियम ठरवण्यात गेले, आणि तो वेळ कारणी लागला असं मला आता वाटतं. दोघादोघांनी जायचं, जोडीत एक बाई हवीच. ज्या घराशी आपलं वाजलंय त्या घरी आपण जायचं नाही. ‘का येत नाही’ हे विचारायचं नाही. पावतीपुस्तक न्यायचं नाही. या शेवटच्या नियमाला मी विरोध केला, कारण वर्गणी थकली होती आणि आयतेच घरी चाललो होतो. माझं कोणी ऐकलं नाही. आणखी एक गोष्ट सिस्टरांनी घालून दिली. परत आल्यावर त्याच संध्याकाळी, समोरचं माणूस जे बोललं ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं.

14 फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. तिथून ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारापर्यंत, म्हणजे 24 मार्चपर्यंत, 38 घरं झाली.

वही वाचताना ‘वेळ जमत नाही’ याचे पदर सुटत गेले. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काम करणारे चार जण होते, त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या तिघींची ड्यूटी महिन्याच्या पहिल्या रविवारी लागत आलेली. आमच्याकडे प्रभुभोजन पहिल्या रविवारी असतं. त्यातल्या एकीनं दहा महिन्यांत एकदाही प्रभुभोजन घेतलेलं नव्हतं आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. तीन घरांत मुलं क्लासला जाणारी, त्यांच्या टेस्ट रविवारी. नीटची परीक्षासुद्धा त्या वर्षी 5 मेला, रविवारीच होती. एका काकांना कमी ऐकू येऊ लागलंय. ते म्हणाले, “सगळे हसतात तेव्हा मी उशिरा हसतो, म्हणून नाही येत.” गुडघे लिहिणाऱ्या मावशींना दाराच्या चार पायऱ्या चढवत नाहीत, त्या पायऱ्यांना कठडा नाही.

एका घरात हिंदू घरातून आलेली सून आहे. ती हौसेनं यायची. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी ती बाकीच्यांबरोबर पुढं निघाली, तर मागच्या बाकावरच्या बाईंनी तिचा पदर धरून ‘तुम्ही बसा’ म्हणून खाली बसवलं. बाप्तिस्मा झालेला नसताना प्रभुभोजन घेत नाहीत, हे तिला आधी कोणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं. सांगितलं पदरानं. त्यानंतर ती आली नाही, आणि तिच्यासाठी नवराही घरी बसला.

एक जोडपं दर रविवारी चहा घेत घेत मुंबईच्या एका मंडळीची उपासना यूट्यूबवर बघतं. त्यांच्याबद्दल आम्ही फार वाईट बोलत आलो होतो. प्रत्यक्षात ते गीत लागलं की उभे राहतात, दानार्पणाचे पैसे डब्यात टाकतात. तो डबा त्यांनी आम्हाला दाखवला. त्यांना मूल नाही. “इथं आलं की उपासना सुटल्यावर चौकश्या सुरू होतात,” एवढंच बाई म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट. विश्वामित्रीच्या काठापासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीत, तळमजल्यावर, एक आई आणि मुलगा राहतात. त्यांना मी इथं ताई म्हणतो. पहिल्यांदा गेलेल्या जोडीला चहा मिळाला, चिवडा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं, मुलाच्या ड्यूटीमुळे वेळ जमत नाही. वहीत मात्र एक नोंद होती. शोकेसमध्ये गीतांचं पुस्तक आहे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आणि कव्हर नवं आहे. म्हणजे पुस्तक रोज हातात घेतलं जातंय. सिस्टरांनी ती नोंद वाचली आणि पंधरा दिवसांनी माझ्या पत्नीला घेऊन त्या परत गेल्या.

या वेळी ताईंनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढली. वर यजमानांचा मृत्यूचा दाखला, त्याखाली आमच्या मंडळीची पावती. 2017 सालची, 1,900 रुपयांची, मागील बाकी 38 महिने, दरमहा 50 रुपये. तारीख दफनाच्या दिवसाची. खाली माझी सही.

मला तो दिवस आठवत होता. मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. दफनाची चिठ्ठी, म्हणजे कबरस्तानात दफन करायची परवानगी, मागायला तो माझ्याकडे आला. मी वही उघडली आणि म्हणालो, चिठ्ठी देतो, तेवढी बाकी भरून टाक. तसा नियमच होता. तो बाहेर गेला आणि अर्ध्या तासानं पैसे घेऊन आला. ते पैसे शेजारच्या पटेल कुटुंबानं दिले होते, हे मला सात वर्षांनी कळलं. 38 महिने वर्गणी का थकली तेही तेव्हाच कळलं. यजमान डायलिसिसवर होते. त्या सगळ्या काळात मी दर महिन्याला त्यांच्या नावापुढं रेघ मारत होतो आणि त्यांच्या घरी आमच्यापैकी कोणीही गेलेलं नव्हतं.

बैठकीत ही गोष्ट मीच सांगितली. दोन मतं पडली. एक मत असं की नियम सगळ्यांना सारखा होता, आता उकरून काढण्यात काय अर्थ? दुसरं असं की पाळकांनी मंडळीच्या वतीनं पत्र द्यावं. मला वाटत होतं की 1,900 रुपये घेऊन मी जावं. सिस्टर म्हणाल्या, “पैसे घेऊन गेलात तर पुन्हा हिशोबच होईल.” म्हणून रिकाम्या हातानं गेलो, एकटा.

ताईंनी बसायला सांगितलं. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तो बसला नाही. मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही. तो म्हणाला, “काका, तुमचं बरोबर होतं. नियमच होता तो. म्हणूनच तर मी येत नाही.” मी चहा संपवून निघालो. ताई फाटकापर्यंत आल्या आणि पेटी सध्या कोण वाजवतं ते विचारलं.

मार्चच्या शेवटी ठराव झाले. दफनाच्या चिठ्ठीचा वर्गणीशी काहीही संबंध राहणार नाही. नोटीसबोर्डावरची थकबाकीदारांची यादी निघाली. पाच विरुद्ध तीन मतांनी. विरोध करणाऱ्यांत वाईट माणूस कोणी नव्हतं. कबरस्तानाची भिंत वर्गणीतूनच बांधली जाते आणि ती पडायला आली आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

दुसरा ठराव संध्याकाळच्या उपासनेचा. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी साडेसहा वाजता, प्रभुभोजनासह. यावर वाद झाला, कारण सकाळ म्हणजेच उपासना असं जुन्या माणसांच्या मनात पक्कं बसलंय. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला विसावा अध्याय काढला. त्रोवसला आठवड्याच्या पहिल्या दिवशी लोक भाकर मोडायला जमले आणि पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागून तो खाली पडला, ती ही गोष्ट. रोमी साम्राज्यात रविवार विसाव्याचा ठरला तो 321 साली, कॉन्स्टंटाईनच्या हुकमानं. त्याआधीचे ख्रिस्ती लोक काम सांभाळून पहाटे नाहीतर रात्री जमत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला म्हणून. ज्याला आजही ती मिळत नाही त्याला आम्ही अविश्वासू म्हणत होतो.

बाकीची कामं किरकोळ होती: पायऱ्यांना कठडा, पुढच्या बाकाजवळ एक वेगळा स्पीकर, आणि कधी उठायचं, कधी बसायचं, प्रभुभोजन कोणी घ्यायचं हे सगळं मोठ्या अक्षरात छापलेला कागद. हा कागद प्रत्येक बाकावर ठेवला, फक्त नव्या माणसाच्या हातात दिला नाही.

परिणाम

31 मार्च 2024 च्या ईस्टरला गर्दी झाली, पण ईस्टरला ती दरवर्षी होते, म्हणून तो आकडा आम्ही धरला नाही. जून ते ऑगस्टची सकाळची सरासरी 31 आली. संध्याकाळी बारा-पंधरा जण असतात, त्यातले निम्म्याहून अधिक सकाळी कधीच येऊ शकत नाहीत. विलीनीकरणाचा ठराव मागं घेतला. कमिटीतल्या एकांनी राजीनामा दिला, ते अजून बोलत नाहीत. वर्गणी एप्रिल-मेमध्ये घटली, दिवाळीपर्यंत जवळजवळ पूर्वीएवढी झाली.

कमी ऐकू येणारे काका येतात. मावशी कठडा धरून चढतात. क्लासच्या मुलांचं काही जमलं नाही. यूट्यूबवाल्या जोडप्यानं डब्यातले पैसे पाठवून दिले, पण ती दोघं आली नाहीत. ती सून एकदा येऊन गेली, तो कागद वाचत बसली होती. पुन्हा दिसली नाही.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचा पूर आला. 1 सप्टेंबरच्या रविवारी काहींचं म्हणणं होतं की निदान आज तरी उपासना नीट व्हायला हवी. पाळकसाहेबांनी दहा मिनिटांत प्रार्थना आटोपली आणि झाडू, फावडी घेऊन आम्ही निघालो. ताईंच्या घरात गुडघाभर चिखल होता. मुलानं आणि मी मिळून कपाट बाहेर काढलं. फाइलमधले कागद त्यानं आधीच गच्चीवर नेऊन विटांखाली वाळत घातले होते. दाखला होता, बँकेची पुस्तकं होती, ती पावतीही होती. आम्ही दोघांनी ती पाहिली आणि कपाटाकडे वळलो.

नोव्हेंबरपासून ताई संध्याकाळच्या उपासनेला येऊ लागल्या. मुलगा त्यांना स्कूटरवरून फाटकाशी सोडतो आणि उपासना सुटायच्या वेळी न्यायला येतो. तो आत आलेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

फॉर्म पाठवायचा नाही. कागदावर माणूस शोभेल तेवढंच लिहितं, आणि ते एकदा लिहून दिलं की पुढं खरं सांगणं त्याला आणखी जड जातं. आमच्या फॉर्ममुळे निदान तीन घरांत दुसऱ्यांदा जावं लागलं.

भेटींचा हिशोबही चुकला. 38 घरं झाली याचा आम्हाला आनंद वाटला, पण खरं बोलणं दुसऱ्या भेटीत निघालं आणि दुसऱ्यांदा आम्ही फक्त 11 घरी गेलो. पहिली भेट कमी घरांना देऊन त्याच घरी दोनदा जायला हवं होतं. संध्याकाळच्या उपासनेची वेळ ठरवताना नर्सेसना विचारलंच नाही. साडेसहा त्यांना सोयीचं नाही, कारण शिफ्ट संपवून रिक्षा मिळेपर्यंत सात होतात. आता सव्वासातचा विचार चालू आहे, पण मग म्हाताऱ्या माणसांना परत जायला रात्र होते. यावर मार्ग सापडलेला नाही.

सुनेच्या बाबतीत मात्र आम्ही उगाच वेळ काढला. तिच्या घरी जायला हव्या होत्या त्या पदर ओढणाऱ्या बाई. त्यांना तसं सांगायचं धाडस कमिटीत कोणाला झालं नाही, मलाही नाही. पाळकसाहेब गेले, त्यांच्यापुढं ती सून नुसती मान हलवत राहिली.

पावतीपुस्तक आता माझ्याकडे नाही. नव्या खजिनदार तरुण आहेत. त्यांनी वहीत एक रकाना वाढवला आहे: तीन महिने लागोपाठ वर्गणी आली नाही तर नावापुढं भेटीची तारीख लिहायची. बैठकीत हजेरीच्या आकड्याआधी ती यादी वाचली जाते. मागच्या महिन्यात तिच्यात सात नावं होती. पाच घरी जाऊन झालं आहे. उरलेली दोन गोत्रीच्या बाजूला आहेत, तिथं या शनिवारी सिस्टर आणि मी जाणार आहोत.